मुरमाच्या रंगाची कडी

चतुराबाईंनी ओल्या फडक्याने जीपचं पुढचं चाक पुसायला घेतलं. काठावर वाळून बसलेला मुरूम त्यांनी नखाने खरवडला, नटांच्या मधली माती बोट घालून काढली आणि चाकाची मूळची करडी कडा दिसू लागली तेव्हा त्या दोन पावलं मागे सरल्या. मान तिरकी करून त्यांनी चाकाकडे पाहिलं. मन भरलं नसावं. त्या पुन्हा वाकल्या.

जालना रोडवरच्या आपल्या दुकानात काउंटरमागे उभा राहून इब्राहीम हे बघत होता. शटर नुकतंच वर गेलं होतं. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून डोक्यावर पदर घेतलेली, साठीला टेकलेली बाई चारही चाकांनी ओढणारी जीप स्वतः चालवत दारात आणून उभी करेल, असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. जीपही नेहमीच्या गिऱ्हाइकांसारखी नव्हती. त्याच्याकडे यायच्या त्या नव्याकोऱ्या, टपावर दिव्यांची पट्टी मिरवणाऱ्या, ढाब्याच्या अंगणापलीकडे कधी मातीत न उतरलेल्या. त्यांच्या चाकांना रंगीत कडी लावून देण्यात इब्राहीमचा हातखंडा होता. ॲल्युमिनियमचं पातळ कडं चाकाच्या बाहेरच्या काठावर बारीक स्क्रूंनी बसवायचं. गाडी उभी असली की ते उठून दिसतं, पळू लागली की रंगाचं एक वर्तुळ गरगरत राहतं. बाकी त्याचा उपयोग शून्य. त्याचे वडील नूरमोहम्मद खुलताबादला बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धाव चढवायचे. मुलाचं दुकान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले होते, "मी चाकाला धाव बसवली, तू चाकाला नथ घालतोस." इब्राहीम तेव्हा हसला होता. वडील जाऊन नऊ वर्षं झाली तरी ते बोलणं मात्र मनातून गेलं नव्हतं.

तो बाहेर आला.

"भाई, चाकाची कडी हितंच मिळत्यात ना?"

"मिळतात. आत या, बसा. चहा सांगतो."

"बसून बसून तर आले सोयगावाहून. आधी कडी दावा."

जीपच्या डाव्या बाजूने टोपी घातलेला एक किडकिडीत माणूस उतरला आणि त्याने मात्र लगेच दुकानाच्या बाकावर बैठक मारली. "चहा सांगा तुम्ही," तो म्हणाला. "मी कारभारी. हिचा धाकटा भाऊ. हिनं पहाटं उठवून गाडीत घातलं."

इब्राहीम सवयीने चाकाशी उकिडवा बसला. गिऱ्हाइकाच्या आधी चाक बघायचं, ही त्याची रीत. रिमचा काठ ठिकठिकाणी खरचटलेला होता. टायरच्या बाजूंना दगडांचे ओरखडे होते, काही जुने, काही ताजे. पण टायर ज्या तऱ्हेने झिजले होते ते बघून तो थबकला. एका चाकावरून दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, त्याने हात फिरवला. घाटात गाडी हाकणाऱ्यांचे टायर तो ओळखून होता. घाईच्या माणसाचा टायर कडेने झिजतो, भित्र्या माणसाचा ब्रेक लागून लागून तुकड्यातुकड्याने. इथे चारही टायर सारखे झिजले होते, जात्याच्या पाळीसारखे.

"गाडी कोण चालवतं?"

"मीच."

"रोज? कुठं?"

"निंबदरा वस्तीला. सोयगावच्या वर डोंगरात. सात किलोमीटर घाट हाय. सकाळी वरून दूध खाली आणायचं, दुपारी माणसं वर न्यायची."

"किती वर्षं झाली?"

चतुराबाईंनी भावाकडे पाहिलं. कारभारीने बोटांवर मोजलं. "अकरा."

इब्राहीम उठला. त्याने आतून तीन खोकी आणून बाकावर ठेवली, पण उघडली नाहीत.

"बाई, खरं सांगू का? ही कडी तुमच्या गाडीला घेऊ नका."

"का? शोभायची नायत?"

"शोभतील. टिकायची नाहीत. ही नाजूक चीज आहे. पहिल्या खेपेला दगड लागेल, कडं वाकेल. दुसऱ्या खेपेला तेच वाकलेलं कडं टायर कापेल. मी विकून मोकळा होईन आणि तुम्ही माणसं घेऊन घाटात अडकाल."

"नाय लागायचा दगड."

"घाटात दगड लागणार नाही?"

"नाय."

असला हट्ट त्याने पोरांच्या तोंडून पुष्कळ ऐकला होता. पोरांना तो कडी देऊन टाकायचा. त्यांचा दगडाशी संबंध येणारच नसायचा. पण या चाकांवरून अकरा वर्षं माणसं चढली-उतरली होती. त्याने खोकी पुन्हा उचलली.

"माफ करा. मी नाही देणार. दुसऱ्या दुकानात मिळतील, पण मी तिथंही घेऊ नका असंच म्हणेन."

चतुराबाई रागावल्या नाहीत. त्यांनी ओलं फडकं पिळलं, घडी केली आणि सीटखाली ठेवलं. जायला निघाल्यासारख्या त्या गाडीकडे वळल्या.

कारभारीला राहवेना. "आक्का, सांग की त्यांला."

"त्यात काय सांगायचं?"

"मग मी सांगतो. भाई, रस्ता झाला. डांबरी. खालपासून वरपर्यंत सात किलोमीटर. दगड राह्यलाच नाय तर लागंल कुठून? येत्या रविवारी उद्घाटन हाय, अन् त्या दिशी एसटी चढणार हाय निंबदऱ्याला. पयल्यांदा."

इब्राहीमच्या हातातली खोकी तशीच राहिली. चहा आला. कारभारीने बशीत ओतून एक घोट घेतला आणि त्याला बोलायला जागा मिळाली.

जीप मुळात चतुराबाईंचे मालक पुंजाराम यांनी लिलावात घेतली होती. वरच्या अडतीस घरांचं दूध डोक्यावरून खाली यायचं आणि उन्हाळ्यात निम्मं नासायचं. ते गाडीने आणावं, असा त्यांचा बेत. पण पुंजारामांना उंचीची भोवळ येते, हे जीप घेईपर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं, खुद्द त्यांनासुद्धा. तिसऱ्या वळणावर त्यांनी गाडी थांबवली, डोळे मिटून स्टिअरिंगला मिठी मारली आणि सोडेनात. शेजारी चतुराबाई बसल्या होत्या. त्यांना तोवर ट्रॅक्टर तेवढा येत होता. त्यांनी नवऱ्याला उचलून इकडच्या सीटवर घेतलं आणि गाडी वर नेली. त्या दिवसापासून पुंजाराम शेत बघतात आणि घाट चतुराबाई.

"मग दुधासंगं माणसं बसाया लागली," कारभारी सांगत होता. "मास्तर, आजारी माणूस, बाळंतीण. सात पोरं या गाडीमुळं दवाखान्यात जन्मली. आठवं गाडीतच झालं."

"पुरं झालं," चतुराबाई म्हणाल्या.

"पुरं कुठं? साहेबाचं ऱ्हायलंच की. भाई, रस्त्याच्या मोजणीला शहरातून साहेब आला. दुसऱ्या वळणावर खाली दरी बघितली अन् म्हणला, 'परत फिरवा, इथं रस्ता होत नसतो, तसं लिहून देतो.' हिनं गाडी थांबवली. म्हणाली, 'साहेब, डोळे मिटून घ्या. आमच्या मालकाला पण असंच हुतं. वर गेल्यावर उघडा.' अन् नेला वर! वर गेल्यावर बायांनी त्यांला ताक पाजलं, घरं दावली. म्हणला, 'एवढी माणसं राहतात इथं?' कागदावर तर दहाच घरं होती. त्यानं तिथंच बसून लिहिलं. पुढची चार वर्सं दर ग्रामसभेला अर्ज हिचा. मोजणीवाले, मातीवाले, डांबरवाले, समदे हिच्याच गाडीतून वर गेले."

इब्राहीमने चतुराबाईंकडे पाहिलं. त्या रस्त्यावरून जाणारी एक मोठी ट्रॉली न्याहाळत होत्या. गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी चालली असावी तशा.

"रस्ता झाला, एसटी आली," तो सावकाश म्हणाला. "मग तुमच्या गाडीत कोण बसेल?"

"कोण कशाला बसंल? एसटीत बायांना अर्धं तिकीट हाय."

"हे माहीत असून तुम्हीच त्या साहेबाला वर नेलं?"

चतुराबाईंना प्रश्नच कळला नाही. "मग कुणी न्यायचं व्हतं, भाई? दुसरी गाडी कुठं व्हती?"

इब्राहीमने हातातली खोकी बाकावर ठेवली. आपला चहा निवला आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"आता कडी दावता का?" त्या म्हणाल्या. "अकरा वर्सं हिच्या अंगावर चिखलाबिगर काय चढलं नाय. रविवारी एसटीला हार घालतील, फुगे बांधतील. हिला उघडी-बोडकी कशी न्यायची लोकांत?"

इब्राहीमने खोकी उघडली. तीनच नाही, फळीवरची झाडून सगळी खाली काढली. लाल, लिंबोणी, निळी, चंदेरी, नारिंगी, झगमगीत हिरवी. दुकानासमोरच्या फरशीवर कड्यांची रांग लागली. एकेक कडं चाकावर धरून तो बाजूला व्हायचा आणि चतुराबाई दहा पावलं मागे जाऊन बघायच्या.

लाल कडं त्यांनी बघितल्याबरोबर खाली ठेवायला लावलं. "उतारावर तांबडं दिसलं की माणूस दचकतं." चंदेरी बराच वेळ पाहिलं, मग म्हणाल्या, "लग्नातल्या भाड्याच्या गाडीवानी वाटतंय." लिंबोणी कारभारीला फार आवडलं. त्यांनी जीपला एक फेरी घातली आणि मान हलवली. "कडं तेवढं दिसतंय, गाडी दिसंना."

इब्राहीमने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हेच वाक्य तो कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता आणि एकानेही कधी ऐकलं नव्हतं. त्याने मॅट काळं पुढे केलं. हल्ली तेच जास्त खपायचं.

"काळं?" चतुराबाई म्हणाल्या. "कडं घालायचं अन् दिसू द्यायचं नाय, हे कसलं?"

नारिंगीवर त्या रेंगाळल्या. जवळ आल्या, लांब गेल्या, उन्हात बघितलं, सावलीत बघितलं. "हे बरं हाय," असं म्हणाल्याही. पण त्या बरं म्हणाल्या, चांगलं म्हणाल्या नाहीत, हे इब्राहीमने ऐकलं. घाई नव्हती. दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली होती, त्यांना त्याने दुपारनंतर या म्हणून सांगितलं.

मग त्याची नजर फरशीवर गेली. चाक पुसताना पडलेली मुरमाची ढेकळं तिथे होती. त्याने एक उचललं, तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडलं. वाळून फिकट पडलेला मुरूम भिजला आणि त्याचा खरा रंग वर आला. ना तांबडा, ना पिवळा, तव्यावरून उतरलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा खरपूस.

"थांबा," म्हणून तो आत गेला. माळ्यावरची जुनी खोकी खाली-वर करताना त्याला धुळीने ठसका लागला. सगळ्यात मागे ते खोकं सापडलं. तांबूस सोनेरी रंगाची चार कडी, सहा वर्षांपूर्वी आलेली. फार मवाळ रंग, म्हणून एकानेही घेतली नव्हती. त्याने एक कडं पुसलं, बाहेर आणून चाकाच्या काठावर धरलं आणि ते भिजलेलं ढेकूळ शेजारी ठेवलं.

या वेळी चतुराबाई मागे गेल्या नाहीत. जवळ आल्या. कड्यावरून त्यांनी बोट फिरवलं, मग ढेकळावरून फिरवलं.

"हा आमच्या घाटाचा रंग हाय," त्या म्हणाल्या.  "आता दिसायचा नाय हा मुरूम. डांबराखाली गेला." आणि मग एकदम मोकळेपणी हसल्या. "चांगलं हाय. हेच घाला."

पैशांचं बोलणं दोन वाक्यांत उरकलं. तीन कडी तासाभरात बसली. चौथं, मागच्या डाव्या चाकाचं, बसेना. रिमचा काठ एका जागी चांगला बोटभर आत दबला होता. इब्राहीमने हातोडा आणला, रिमखाली लाकडी ठोकळा लावला.

"कशाने दबलं हे?"

"ते आठव्या पोराच्या येळंचं," बाकावरून कारभारी म्हणाला. "वरून धोंडा आला. चार किलोमीटर तशाच चाकावर गाडी खाली आणली हिनं, आत बाळंतीण. ते पोरगं आता तिसरीत हाय."

"सरळ करून टाका, भाई," चतुराबाई म्हणाल्या. "काय ठेवायचंय त्यात?"

इब्राहीमने हातोडा उचलला.  मग त्याने हातोडा खाली ठेवला, कानस घेतली आणि कडं मांडीवर घेऊन बसला. रिमचा काठ जिथे आत गेला होता तिथे कड्याला तो थोडा थोडा बाक देऊ लागला. चाकाला लावून बघायचं, काढायचं, घासायचं, पुन्हा लावायचं. दुपारची अजान होऊन गेली. रईसाने, त्याच्या बायकोने, जेवायला बोलावणारा फोन दोनदा केला. तिसऱ्यांदा तिने विचारलं, "असं काय काम आहे?" तो म्हणाला, "काम आहे," आणि फोन ठेवला. चौथं कडं बसलं तेव्हा त्यात नखाएवढीही फट नव्हती. त्या जागी हात ठेवूनच तो बराच वेळ बसला.

निघताना चतुराबाई म्हणाल्या, "रविवारी या, भाई. जेवण वर वस्तीवर हाय."

तो जाईल असं त्यालाही वाटलं नव्हतं. पण रविवारी सकाळी तो पहिल्या गाडीने निघाला. सोयगावच्या स्टँडवरून कारभारीने त्याला मोटारसायकलवर घेतलं. घाटाच्या पायथ्याशी मंडप होता, खुर्च्या होत्या, लाउडस्पीकर होता. नवी डांबरी सडक चिंचेच्या झाडापासून वळसा घेत डोंगरात शिरली होती. मंडपासमोर हार घातलेली एसटी उभी होती. पाहुणे बोलले, सत्कार झाले, फीत कापली गेली. चतुराबाईंचं नाव कुणीच घेतलं नाही. त्या मंडपाच्या कडेला बायांमध्ये बसून टाळ्या वाजवत होत्या. इब्राहीमचे हात मात्र जागचे हलले नाहीत.

जीप झाडाखाली उभी होती. धुऊन स्वच्छ केलेली, चारही चाकांना कडी. उन्हाचा एक कवडसा त्यांवर पडला होता. इब्राहीमने हजार चाकं सजवली होती. एवढ्या लांबून आपलंच काम बघून त्याला कधी असं उभं राहावंसं वाटलं नव्हतं.

भाषणं संपली. कंडक्टरने घंटी वाजवली, "चला, निंबदरा!"

आणि एक विचित्र गोष्ट घडली. वस्तीची माणसं उठली, पिशव्या उचलल्या, म्हाताऱ्यांना हात दिला आणि सवयीने सगळी जीपभोवती जाऊन उभी राहिली. एसटी रिकामी होती. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. कंडक्टरने पुन्हा घंटी वाजवली. एक म्हातारी जीपच्या दाराला हात लावून म्हणाली, "आम्ही आपलं चतुराच्या गाडीत येतो. कडी बघा किती ग्वाड घातल्यात!"

चतुराबाई मंडपातून उठून आल्या. त्यांनी त्या गर्दीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते इब्राहीमला नीट वाचता आलं नाही. क्षणभर वाटलं की त्या रडतील, क्षणभर वाटलं की जाऊन स्टिअरिंगवर बसतील. त्या इब्राहीमसमोर आल्या आणि कनवटीची किल्ली काढून त्यांनी त्याच्या हातात ठेवली.

"तुमी आणा गाडी वर."

"मी? बाई, मला घाट…"

"रस्ता चांगला हाय."

आणि त्या एसटीकडे चालू लागल्या. दाराचा दांडा धरून चढल्या, ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी बसल्या आणि कंबरेची पिशवी सोडून मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एक अर्धं द्या. निंबदरा."

जीपभोवतीची माणसं घोटाळली. मग ती म्हातारी निघाली. तिच्यामागे दुसरी. मग सगळीच निघाली. बघता बघता एसटी भरली, पोरं दारात लोंबकळली, आणि कुणीतरी आतून आरोळी दिली.

इब्राहीमने जीप चालू केली. जुना गिअर हाताला जड लागत होता. शेजारी कारभारी टोपी सावरून बसला. पुढे एसटी, मागे जीप, अशा दोन्ही गाड्या डोंगरात शिरल्या. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. सडक काळी, गुळगुळीत होती आणि डाव्या हाताला दरी उघडत चालली होती, इतकी खोल की तळ दिसेना. याच वाटेने, ती दगडधोंड्यांची असताना, ती बाई रोज दोनदा गेली होती. इब्राहीमने दरीकडे बघणं टाळलं.

तिसरं वळण जवळ आलं. समोरच्या एसटीच्या, ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीतून बांगड्यांनी भरलेला एक हात बाहेर आला. तळवा जमिनीकडे करून तो सावकाश खाली-वर झाला, एकदा, दोनदा.

इब्राहीमने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला.